तटस्थतेला पहारा लागतो

जगात कुठे युद्धाची चिन्हं दिसली की आपल्याकडे, भारतात, तोच सूर लागतो: आपण कुणाच्याच बाजूचे नाही, मग आपल्याला कोण ओढणार? हे वाचलं की माझा संताप होतो. मी राहतो त्या नॉर्वेनं 1939 च्या सप्टेंबरात नेमकं हेच जाहीर केलं होतं. सात महिन्यांनी जर्मन सैन्य ओस्लोत होतं.

ओढलं ते लोहखनिजानं. उत्तर स्वीडनमधल्या किरुनाचं खनिज उन्हाळ्यात स्वीडनच्या लुलेओ बंदरातून जर्मनीला जायचं. हिवाळ्यात बोथ्नियाचं आखात गोठतं, म्हणून तेच खनिज रेल्वेनं नॉर्वेच्या नार्विक बंदरात यायचं आणि तिथून किनारा व बेटांमधल्या वाटेनं, नॉर्वेच्या सागरी हद्दीतूनच, दक्षिणेला जायचं. कायद्यानं त्यात काही गैर नव्हतं. पण ब्रिटनच्या लेखी ते पाणी शत्रूचा आडोसा झालं होतं, आणि तो आडोसा कधीही जाईल ही जर्मनीला धास्ती होती. दोघांचीही नजर एकाच बंदरावर. मग जाहीरनाम्यात काय लिहिलंय, ते कोण वाचतो?

आता आल्टमार्कचं प्रकरण बघा. 16 फेब्रुवारी 1940. हे जर्मन पुरवठा जहाज, आणि त्याच्या पोटात 299 ब्रिटिश कैदी. नॉर्वेचे नौसैनिक त्यावर चढले, चौकशी केली, पण खालचे खण उघडले नाहीत. रात्री कोसॅक ही ब्रिटिश विनाशिका येसिंगफियॉर्डमध्ये शिरून कैदी सोडवून घेऊन गेली. नॉर्वेच्या टॉर्पेडो बोटी तिथेच होत्या. त्यांनी गोळी झाडली नाही, सरकारनं निषेध नोंदवला. हा देश ब्रिटनला अडवणार नाही, असा अर्थ बर्लिननं काढला. स्वारीचा विचार आधीपासून होताच. पाच दिवसांत जर्मन सेनापती फाल्केनहोर्स्ट यांच्याकडे मोहीम सोपवली गेली. झडती अर्धवट घेतली की दोन्ही बाजूंचा विश्वास जातो, तो असा.

8 एप्रिलला पहाटे ब्रिटननं नार्विकच्या वाटेवरच्या वेस्टफियॉर्डमध्ये पाणसुरुंग पेरले. त्याच दिवशी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर लिलेसानजवळ पोलिश पाणबुडीनं रिओ दे जानेरो हे जर्मन जहाज बुडवलं. वाचलेले गणवेशधारी जर्मन म्हणाले, आम्ही नॉर्वेच्या बर्गेनला निघालो होतो. तरीही ओस्लोकडे जाणाऱ्या ओस्लोफियॉर्डमध्ये सुरुंग पेरले गेले नाहीत. रात्री सैनिक बोलावायचं ठरलं तेही अंशतः, आणि बोलावणी टपालानं. त्याच फियॉर्डमध्ये ड्रोबाकसमोरच्या ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावर किल्लेदार बिर्गर एरिकसेन यांच्याकडे 28 सेंमीच्या तीन जुन्या तोफा होत्या, माणसं मात्र दोन तोफांपुरती. दोन गोळे आणि सुमारे 40 वर्षं जुने टॉर्पेडो, एवढ्यावर त्यांनी 9 एप्रिलच्या पहाटे ब्ल्यूशर ही जर्मन युद्धनौका बुडवली. राजाला आणि सरकारला शहर सोडायला वेळ मिळाला तो त्यामुळे.

‘स्वीडन वाचलंच की,’ असं उत्तर येईल. वाचलं, पण जून 1941 मध्ये एक अख्खी जर्मन डिव्हिजन स्वतःच्या रेल्वेनं फिनलंडला जाऊ देऊन. 1907 चा हेग करार तटस्थ भूमीवरून सैन्य न्यायला मनाई करतो.

‘तिकडे बसून शिकवू नका,’ हेही ऐकून आहे. भारत 3 सप्टेंबर 1939 ला युद्धात गेला तो व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या घोषणेनं. तटस्थ राहायचं की नाही, हे आपल्याला कुणी विचारलंच नाही. म्हणून इथला अनुभव मला मोलाचा वाटतो. ड्रोबाकच्या तोफांना ‘आमच्या’ म्हणायचा हक्क मला नाही, आणि तिकडच्या वादातही माझा शब्द आता पाहुण्याचाच धरला जातो. तरी रात्री झोप उडते ती तिकडच्याच काळजीनं.

आपल्या हद्दीतून कुणाचा कोणता माल जातो? संशयित जहाजाचे खण उघडायचा हुकूम कोण देणार? तटस्थ बंदरात थांबायची मुदत संपल्यावरही परकी युद्धनौका बंदरातून हलली नाही, तर तिला बाहेर काढायला काय आहे? परक्या झेंड्यांच्या जहाजांवरच्या आपल्या खलाशांचं काय? वाद घालायचा तर यावर घाला.

नॉर्वेतल्या स्टावेर्नच्या मिन्नेहालेन या स्मारकात पहिल्या महायुद्धात मेलेल्या नॉर्वेच्या खलाशांची नावं आहेत. त्या युद्धात नॉर्वे शेवटपर्यंत तटस्थ होता.