आधी हात सैल सोडा, मालक!

सोलापुरात चढण म्हणून दाखवावं असं फारसं काही नाही. किल्ला आहे, तोही भुईकोट. त्यामुळे चाळिशीच्या सोलापूरकराने रॉक क्लायंबिंग शिकतोय असं जाहीर केलं, की पहिला प्रश्न ठरलेला, "कशावर बे?" आणि दुसरा, "घरी विचारलंस का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सकाळची हुतात्मा पकडायची, पुण्यात कृत्रिम भिंती आहेत. दुसऱ्याचं ज्याचं त्याने बघावं.

छळाची सुरुवात बुटापासून होते. क्लायंबिंगचा बूट मोज्याशिवाय घालतात आणि तो घट्टच हवा. बोटं पुढे टेकून किंचित वाकली पाहिजेत. पण डोळ्यांत पाणी येत असेल तर तो बूट आपला नाही, दुकानदार काहीही म्हणो. नवशिक्याने सपाट तळाचा घ्यावा. चोच वाकलेले बूट पुढे झुकलेल्या भिंतींसाठी असतात, आणि तिथवर पोचायला आपल्याला वेळ आहे.

हार्नेस म्हणजे दोर ज्याला बांधतात तो कमरेचा-मांड्यांचा पट्टा. त्याचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. इथे पोटाचा प्रश्न येतो. पुढारलेलं पोट पट्ट्याला खाली ढकलतं, आणि हाडांच्या खाली सरकलेल्या हार्नेसमधून उलटं झालेलं माणूस निसटू शकतं. म्हणून पोट आत घेऊन आवळायचा. मग आठाची गाठ. दोराच्या टोकापासून हातभर अंतरावर आठ घालायचा, टोक हार्नेसच्या खालच्या-वरच्या दोन्ही फासांतून घ्यायचं आणि त्याच वाटेने परत फिरवायचं. समांतर दोरांच्या पाच जोड्या मोजायच्या, शेपूट निदान मूठभर उरलं पाहिजे. गाठ बांधताना गप्पा बंद. अर्धवट राहिलेली गाठ लांबून अगदी पूर्ण दिसते.

दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या बसवलेल्या कडीतून, फिरून खाली येतो. खाली तो सांभाळणारा तो बिलेअर. त्याचा ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये; नाक खाजलं तर दुसरा हात आहे. चढणारा ऐंशी किलोचा आणि बिले देणारी पन्नासची असेल, तर तो सुटताच ती वर निघते. अशा जोडीत तिला जमिनीवरच्या अँकरला बांधतात, किंवा सरळ जोडी बदलतात. शिवाय दोर ताणतो. पहिल्या दोन-तीन मीटरांत तो ढिला असला, तर वर अँकर कितीही भक्कम असो, बूड जमिनीला लागतं.

आता प्रत्यक्ष भिंत. प्रौढ माणूस तिला मिठी मारतो. खाच दिसली की सगळ्या आयुष्याची पुंजी असल्यासारखी आवळतो, कोपरं वाकवून स्वतःला वर ओढतो, आणि पाच मिनिटांत कोपराखालचा हात दगड होतो. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, मग बोटं उघडायलाही ऐकत नाहीत. म्हणून हात सरळ ठेवून लोंबायचं, पकड न पडण्यापुरतीच, आणि वर ढकलायचं काम मांड्यांना द्यायचं. खाचेवर बुटाचं टोक ठेवायचं, मधला तळवा नाही. टोकावर पाय वळवता येतो, तळव्यावर अडकतो. पाय टेकेपर्यंत नजर पायावर. आपण मात्र वर बघत खाली पाय चाचपतो.

मग पाय यंत्रमागासारखा खटखट उडायला लागतो. खाली उभे असलेले हसतात, हसू द्यावं. टाच उंच राहून पोटरी थकलेली असते, वर भीतीने अंग ताठलेलं. टाच खाली सोडायची, श्वास बाहेर टाकायचा, खटखट थांबते. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने दंड फुगवण्याआधी ही एवढी टाच शिकावी.

उतरताना तर आणखी गंमत. बिलेअर म्हणतो "बसा", आणि मालक भिंत सोडायला तयार नाहीत. खुर्चीत बसल्यासारखं हार्नेसमध्ये बसायचं, पाय खांद्याइतके फाकवून भिंतीला टेकवायचे. भिंतीला चिकटून उतरलं की गुडघे सोलतात.

अंगठी घरी काढून ठेवावी. खाचेत अडकली तर बोटावर बेतते. आठवड्यात दोनच दिवस चढावं, मधे दोन दिवस सुट्टी. स्नायू लवकर तयार होतात, बोटांतल्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरणारे पट्टे महिनोन्‌महिने घेतात. हातात जोर आला म्हणून उत्साहाने दारावर लोंबणाऱ्यांची अनामिका आधी जाते. सुट्टीच्या दिवशी कडक भाकरी आमटीत भिजवून खावी, मोडायला जाऊ नये.

खऱ्या खडकाची हौस असेल तर सह्याद्रीपेक्षा आपल्याला बदामी सोयीची. विजापूर-बागलकोटमार्गे गाडी थेट जाते. तिथला वाळूचा दगड बोटांना खरखरीत लागतो, दोर अडकवायला बोल्ट मारलेले मार्ग आहेत, पण सोबत जाणता माणूस हवाच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जावं. उन्हात दगड तापतो, हाताला घाम सुटतो आणि तो टिपायला लावलेली चॉकची पूड लापशी होते. शेंगाचटणीची पुडी मात्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून ठेवा. तिथली माकडं बिलेअर कुठे बघतोय ते आधी बघतात.