हेडलाइटला दात नसतात

आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाऊस ओसरला की एक मेसेज न चुकता फिरतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: हेडलाइटची काच पिवळी पडते ती धुळीच्या आणि पावसाच्या मळाने, दहा रुपयांची टूथपेस्ट लावून पाच मिनिटं घासा, काच कायमची नव्यासारखी, टूथपेस्ट नसेल तर मच्छरांचा स्प्रेही चालतो, पॉलिश पेपर मात्र लावू नका, चरे पडतात, गॅरेजवाले उगाच लुटतात. सोबत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, आणि खाली अंगठ्यांची रांग.

तीन वर्षांपूर्वी त्या रांगेत माझाही अंगठा होता. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तो मळ. मळ असता तर शाम्पूच्या पाण्याने गेला असता. आपण काच म्हणतो ती काच नाहीच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. जुन्या पद्मिनीला, अ‍ॅम्बॅसेडरला खरी काच असायची; दगड लागला की फुटायची, पण पिवळी पडायची नाही. पॉलिकार्बोनेट दगड सोसतं, ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक पारदर्शक लेप चढवतात. उन्हातली अतिनील किरणं आधी तो लेप खातात, मग खालचं प्लास्टिक. पटत नसेल तर आमच्या पार्किंगमध्ये या. माझी गाडी उघड्यावर, दक्षिणेला तोंड करून उभी असायची. उजवी बाजू पश्चिमेच्या उन्हात, डावीवर आमच्या विंगची सावली. उजवी हेडलाइट हळदीच्या दुधासारखी झाली, डावी जेमतेम धुरकट. घोडबंदर रोडची धूळ तर दोघींवर सारखीच बसत होती!

आता टूथपेस्ट. फोटो खोटे नाहीत, हे आधीच कबूल करतो. टूथपेस्टमध्ये खडूचे किंवा सिलिकाचे बारीक कण असतात, म्हणजे ते हलकं पॉलिशच. वरची मेलेली साय निघते. माझीही निघाली. दिवाळीच्या आदल्या रविवारी घासली तेव्हा बायकोने विचारलं, "नवीन बसवून आणली की काय?" होळीपर्यंत काच पुन्हा पिवळी, आणि या वेळी ठिगळं ठिगळं दिसणारी. कारण सोपं आहे. उरलासुरला लेप मी स्वतःच्या हाताने घासून काढला आणि त्या जागी नवं काहीच लावलं नाही. गाडी विकायच्या आदल्या दिवशी टूथपेस्ट ठीक आहे (घेणाऱ्याने काय करायचं ते सोडा). 'कायमची' हा शब्द तेवढा खोडा.

मच्छरांच्या स्प्रेबद्दल फार बोलायला नको. अंगावर मारायच्या स्प्रेमधलं डीट हे मच्छर पळवणारं रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करतं. ओलसर आणि गुळगुळीत दिसतो म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं, इतकंच. पेट्रोल आणि थिनरने तर केसासारखे तडे जातात, ते कुठल्याच पेपरने निघत नाहीत.

पॉलिश पेपरने चरे पडतात, हे मात्र शंभर टक्के खरं. पडायलाच हवेत. मानपाड्याच्या एका पेंटरकडे मी तासभर उभा राहून बघितलं. त्याने आधी बोनेट आणि बंपरच्या कडांना मास्किंग टेप लावली, मग ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून आडवा चालवला. काच पार आंधळी झाली, माझ्या पोटात गोळा. बंपरवरून पिवळट दुधासारखं पाणी ओघळत होतं. ते पांढरं होईपर्यंत तो थांबला नाही. पिवळं येतंय तोवर जुना लेप बाकी आहे, म्हणाला. मग १०००, १५००, २०००, ३०००; नंबर वाढतो तसा पेपर बारीक. दर पेपरला हाताची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे चरे पुसले गेले की नाही ते कळतं. मग मशीनवर रबिंग, म्हणजे पॉलिश, आणि सगळं नीट पुसून, कोरडं करून शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे अतिनील किरणं अडवणारा नवा पारदर्शक लेप. "घासायचं काम पोरगंपण करेल साहेब," तो म्हणाला, "कोट नाय मारला तर सहा महिन्यांत परत याल." हार्डनर मिसळून मारायचा कोट असेल तर त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, बंद बाल्कनीत, तोंडाला रुमाल बांधून हा उद्योग करू नका.

राहिले लुटणारे गॅरेजवाले. मलाही एका ठिकाणी जोडीच बदला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा राग समजू शकतो. पण बदलणं नेहमीच लूट नसते. ट्रिपल ए या अमेरिकी वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ साली मोजून पाहिलं: फार खराब झालेल्या हेडलाइटमधून नवीच्या जेमतेम २२ टक्के उजेड पडत होता, आणि घासून दुरुस्त केल्यावर सुमारे ७० टक्के. म्हणजे पेंटरकडूनही ती 'नवी' होत नाही. प्लास्टिकच्या आत तडे असतील किंवा पाणी साचत असेल, तर बाहेरून काहीही चोळा, उपयोग शून्य. रात्री गायमुखच्या घाटात समोरून ट्रेलर येतो तेव्हा २२ आणि ७० मधला फरक कळतो.

माझ्या कोटचं आता तिसरं वर्ष चालू आहे. उजवीच्या वरच्या काठाला पुन्हा किंचित धूसरपणा दिसायला लागलाय. म्हणून हल्ली गाडी तोंड फिरवून लावतो. ऊन खायची पाळी आता डावीची.