‘देव नाही हे सिद्ध करा’ म्हणणाऱ्यांनी उदयनाचार्य वाचावेत

‘देव नाही हे सिद्ध करून दाखवा, नाहीतर गप्प बसा’ हा मेसेज फिरत फिरत आता आमच्या आत्यापर्यंत पोचलाय, आणि तिला तो पटलाय. म्हणून हा खटाटोप. त्यात म्हटलंय: हवा दिसत नाही तरी मानता ना? १९९५ साली गणपती दूध प्यायला तेव्हा शास्त्रज्ञांची बोलती बंद झाली. आणि देवाचा पुरावा मागणं हे पाश्चात्त्य खूळ.

हवेचं उरकून टाकू. ती कुणी श्रद्धेने मानत नाही. लिटरभर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते.

आता दूध. २१ सप्टेंबर १९९५. बोलती बंद वगैरे काही नाही. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ते मूर्तीवरून ओघळताना दिसलं. घरी करून बघा. धातूची मूर्ती कोरड्या ताटात ठेवा. दुधात खायचा रंग घाला. चमचा इतका भरा की दूध काठावर फुगलेलं दिसेल, मग जरासा कलता करून सोंडेच्या ओल्या टोकाला टेकवा. पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर साधं दूध दिसत नाही, सगळी गंमत तिथेच. अर्धा चमचा घेतलात तर दूध सोंडेला लागतच नाही, मग ‘देवाची इच्छा नाही’! मातीची मूर्ती घेऊ नका, ती खरंच दूध शोषते. ५ मिलीचे १० चमचे ‘पाजून’ ताटातलं मोजा. मूर्तीला चिकटलेलं सोडलं तर ५० मिलीच्या आसपास भरेल.

‘पाश्चात्त्य खूळ’? सांख्य दर्शनाच्या सूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) हे सूत्रच आहे. मीमांसक कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानून जगाचा कर्ता नाकारतात. आणि न्याय दर्शनाचे उदयनाचार्य तर पक्के ईश्वरवादी. पण ‘न्यायकुसुमांजली’ या आपल्या ग्रंथात ते ‘नाही हे तुम्ही सिद्ध करा’ म्हणून मोकळे होत नाहीत. आक्षेप खोडतातच, शिवाय पाचव्या स्तबकात (प्रकरणात) पुरावे स्वतः मांडतात: पृथ्वी हे घटासारखं कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, म्हणून तिला कर्ता हवा, वगैरे. पटो न पटो, ओझं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

एक मात्र कबूल करावं लागतं. दिसत नाही म्हणून नाहीच, हेही चालत नाही. तिसऱ्या स्तबकात उदयनाचार्य हेच बजावतात: जे असतं तर दिसलंच असतं, त्याच्याच न दिसण्यावरून अभाव ठरतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. तेव्हा अतींद्रिय, म्हणजे इंद्रियांना न कळणारा, ईश्वर ‘नाहीच’ असं छातीठोक सांगणाऱ्या नास्तिकालाही युक्तिवाद द्यावाच लागेल. पण दूध अतींद्रिय नव्हे. मूर्तीने ते प्यायलं असतं, तर ताटात कमी भरलं असतं.