जेफर्सनने सगळे गुलाम मुक्त केले नव्हते

गेले काही दिवस आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो आहे. आठवीतल्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून आता गप्प बसवत नाही. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन इतके नम्र होते की थडग्यावर त्यांनी आपल्या पदाचा उल्लेखही होऊ दिला नाही, साधेपणापोटी ओबडधोबड दगड निवडला, मरणापूर्वी सगळे गुलाम मुक्त केले, त्या दफनभूमीत मालक आणि गुलाम शेजारीशेजारी विसावले आहेत, आणि सरकारचा एक पैसाही या स्मारकावर खर्च झाला नाही.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. थडग्यावर काय कोरायचं हे जेफर्सनने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. तो कागद आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियातल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा कर्ता, व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक, एवढंच. याहून एक शब्द जास्त नको, अशी सूचना. राष्ट्राध्यक्षपद खरंच त्यात नाही. पण कारण त्याच कागदावर दिलं आहे: आपली आठवण सर्वांत जास्त या कामांसाठी राहावी, ही त्याची इच्छा होती. आपल्या आयुष्यातलं थोर काय हे पुरतं ओळखून असलेल्या माणसाची ही निवड आहे. तिला नम्रता म्हणता येत नाही. ओबडधोबड दगडाचं कारणही तिथेच सापडतं: दगडाच्या किमतीच्या मोहाने पुढे कोणी स्मारक फोडू नये.

इथवर ठीक होतं. पण ‘सगळे गुलाम मुक्त केले’ हे धडधडीत खोटं आहे, आणि ते मुलांच्या तोंडी घातलं जातं आहे.

जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. हयातीत त्याने रीतसर मुक्त केलं ते दोघांना, मृत्युपत्राने पाच जणांना. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलो या त्याच्याच घरापाशी लिलाव झाला. ‘१३० मौल्यवान निग्रो’ अशी त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. मृत्युपत्राने ज्यांना सोडलं त्यांत जो फॉसेट हा लोहार होता. त्याची सुटका जेफर्सनच्या मृत्यूनंतर वर्षभराने व्हायची होती. त्याआधीच त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात निघाली. ही ईडिथ जेफर्सनच्या अध्यक्षीय निवासात स्वयंपाक शिकून आलेली, पुढे माँटिचेलोची मुख्य स्वयंपाकीण झालेली बाई. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा. ‘सर्व माणसे समान’ लिहिणाऱ्याच्या घरी जन्मलेलं ते पोर परक्यांना विकलं गेलं. मोठेपणी पीटर सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि आपली कहाणी त्याने स्वतः सांगून ठेवली. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता असं अजिबात नाही.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती तिथल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या त्यागाबद्दल. तो मान जेफर्सनला चिकटवणं हा त्या लोकांवर अन्याय आहे. आणि महाराष्ट्रातल्या मुलीने शाळेच्या व्यासपीठावरून ते करावं, हे मला सहन होत नाही.

मालक आणि गुलाम शेजारीशेजारी? माँटिचेलोची ती दफनभूमी खाजगी आहे, जेफर्सनच्या वंशजांच्या संस्थेच्या मालकीची. गुलामांची दफनभूमी वेगळी आहे. तिचा पुरातत्त्वीय शोध लागला तो एकविसाव्या शतकाच्या तोंडावर, पर्यटकांच्या पार्किंगलगत. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचा जेफर्सन हाच बाप असावा, या मताला १९९८च्या डीएनए चाचणीने मोठं बळ दिलं. तरीही २००२ मध्ये वंशजांच्या संस्थेने मतदान घेऊन हेमिंग्जच्या वंशजांना सदस्यत्व नाकारलं.

राहता राहिला सरकारी पैसा. आठवण म्हणून तुकडे फोडून नेणाऱ्यांनी थडग्यावरच्या मूळ दगडी स्तंभाची पार दुर्दशा केली, तेव्हा १८८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नव्या स्मारकासाठी निधी मंजूर केला. पुढच्याच वर्षी मूळ स्तंभ मिसुरी विद्यापीठाला देण्यात आला, तो आजही तिथेच आहे. माँटिचेलोत उभा आहे तो सरकारी खर्चाने बसवलेला, मूळच्यापेक्षा मोठा स्तंभ, आणि फॉरवर्डला जोडलेला फोटो त्याचाच आहे.