अपग्रेड अर्धवट राहिले म्हणून उबंटू पुसू नका

पावसाळा लागला आणि विजेचा लपंडाव सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या उबंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली वापरणाऱ्यांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर सिस्टीम कायमची बिघडते. आधी लॉक फाइल (एका वेळी एकाच प्रोग्रॅमला बदल करू देणाऱ्या कुलपाची फाइल) उडवा, भागले नाही तर उबंटू नव्याने टाका आणि पुढे अपडेट बंदच ठेवा, असा त्याचा आशय असतो. या सल्ल्यापायी सहज दुरुस्त होणारे संगणक पुसले जातात, म्हणून त्याचा नीट समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

कायमच्या बिघाडाचा दावा आधी पाहू. अपग्रेड करणारी ‘एपीटी’ ही आज्ञा सहसा सगळी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आधी उतरवून घेते आणि मगच ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम ती बसवू लागतो, त्यामुळे डाउनलोड चालू असताना वीज गेली तर बसवलेल्या पॅकेजांना धक्का लागत नाही. बसवतानाच वीज गेली, तरी कोणते पॅकेज नुसते उलगडले आहे आणि कोणाचे कॉन्फिगरेशन अर्धवट आहे, याची नोंद डीपीकेजी ठेवत असतो. वीज आल्यावर पुन्हा अपग्रेड करू पाहिले की टर्मिनलच (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) सांगते: काम मध्येच थांबले होते, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. बहुतेक वेळा एवढ्याने आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने गाडी रुळावर येते. नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) बसताना घोळ झाला असेल आणि संगणक सुरूच होत नसेल, तर संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडावा, तो सहसा शिल्लक असतो.

लॉक फाइलीचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. ‘लॉक-फ्रंटएंड’ ही फाइल डिस्कवर कायम असते. ती दिसते म्हणजे कुलूप लागलेले आहे, असे नव्हे. कुलूप चालू प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) हातात असते आणि प्रोसेस संपताच कर्नल ते सोडवतो, म्हणजे वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाल्यावर जुने कुलूप उरतच नाही. तरीही लॉकची तक्रार येत असेल, तर त्या क्षणी दुसरे कोणीतरी खरोखर काम करत आहे. बहुधा ते पार्श्वभूमीवर आपोआप अपडेट करणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ असते आणि नव्या आवृत्त्यांमध्ये त्याचे नाव व प्रोसेस क्रमांकही तक्रारीच्याच ओळीत छापून येतो. अशा वेळी फाइल उडवली तर दोन प्रोसेस डीपीकेजीच्या एकाच नोंदवहीत लिहू लागतात आणि नसलेला बिघाड आपण ओढवून घेतो. थांबावे, हेच उत्तर.

नव्याने इन्स्टॉल करण्याची वेळ डिस्कच खराब झाली असेल तर येते, हे मान्य. पण कर्नल ठेवण्याचा ‘/बूट’ विभाग भरल्यामुळे अडकलेले अपग्रेड ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढल्यावर अनेकदा पुढे सरकते, त्यासाठी घरचे फोटो आणि हिशेब पणाला लावण्याचे कारण नाही. काही पॅकेजेस ‘मागे ठेवली’ असे दिसणे हाही बिघाड नव्हे, कारण उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते.

अपडेट बंद ठेवल्याने वीज जायची थांबत नाही, सुरक्षेची भोके तेवढी उघडी राहतात. किनाऱ्यावरच्या गावांत, जिथे रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची, तिथे ‘सुडो एपीटी अपडेट’नंतर ‘सुडो एपीटी -डी अपग्रेड’ने पॅकेजेस फक्त उतरवून ठेवावीत आणि इन्व्हर्टर भरलेला असताना किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण असताना ‘-डी’ वगळून तीच आज्ञा पुन्हा द्यावी.