देवाला वेठीस धरून प्रेमगीत कसे लिहावे

प्रेमगीत लिहायला घेतलंय ना? मग चंद्र, चांदणं, मोगरा आधी माळ्यावर टाका. तुम्ही थेट देवालाच कामाला लावा. लेनर्ड कोहेन नावाच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या कवी-गायकाने 'हॅलेलुया' हे गाणं लिहून वाट मळून ठेवली आहे, तुम्हाला नुसतं मागून जायचंय.

पहिलं म्हणजे गाणं पुरं होऊ देऊ नका. किती दिवस लागले, असं गायक-गीतकार बॉब डिलनने विचारलं तेव्हा कोहेनने 'दोन वर्षं' म्हणून थाप मारली. लागली होती त्याहून जास्त. कडवी ऐंशीच्या आसपास पाडा. मग न्यूयॉर्कच्या रॉयल्टन हॉटेलात नुसत्या चड्डीवर गालिच्यावर बसून जमिनीवर डोकं आपटा. (घरीच आपटणार असाल तर खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.)

आता बायबल उघडा. गच्चीवरून नहाणारी बथशेबा पाहून पाघळलेला दावीद राजा घ्या, ज्याने पुढे तिच्या नवऱ्याला लढाईत आघाडीवर धाडून त्याचा काटा काढला. त्याच कडव्यात शमशोन नावाच्या पहिलवानाचे केस कापवून त्याची ताकद घालवणारी दलीलाही घुसडा आणि तिची कात्री दावीदाच्या केसांवर चालवा. कुठली बाई कोणाची, हा हिशेब देऊ नका. मात्र नायकाला बांधायचं ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीला. माझ्या मते गाण्याचा सगळा जीव त्या खुर्चीत आहे. सिंहासन मोडलं तर इतिहास होतो, स्वयंपाकघरात बांधला गेला तर संसार.

चालीतही खोडी काढा. पहिल्या कडव्यात शब्द 'चौथा' म्हणतात तेव्हा कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा) चौथा लागतो, 'पाचवा' म्हणतात तेव्हा पाचवा. मग मायनरला उतरायचं, मेजरला चढायचं, तेही सांगून. भातखंड्यांची लक्षणगीतं, म्हणजे रागाचे नियम त्याच रागात सांगणारी गाणी, घोकलेल्यांना यात नवल नाही, फक्त त्यांत गच्चीवरून कुणी डोकावत नसतं.

कुणीतरी म्हणेलच, 'हे तर ज्ञानोबांच्या विरहिणींत सातशे वर्षांपूर्वीच आहे.' आहे ना! पण तिथे भाषा प्रियकराची आणि ओढ विठ्ठलाची. इथे भाषा देवाची आणि दुखणं अंथरुणातलं. 'हॅलेलुया' म्हणजे देवाची स्तुती करा. जिंकल्यावर कुणीही करेल. कोहेन ती सगळं हातचं गेल्यावर, तोंड कोरडं पडलेलं असताना करायला लावतो. हे श्रोत्यांना समजावत बसू नका, त्यांनी विचारलेलं नाही.

एकाच दारात बसून राहू नका. कोहेन हे आडनावच ज्यू पुरोहितांचं, म्हणजे आपले उपाध्ये. तरी गडी पाच वर्षं कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर झेन मठात राहिला आणि १९९९ साली मुंबईत वॉर्डन रोडजवळ रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगाला येऊन बसला. बाळसेकर आधी बँक ऑफ इंडियात वरच्या हुद्द्यावर होते आणि त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज यांचं बिड्यांचं दुकान होतं. प्रेमगीताला एवढी तयारी लागते.

फळाची घाई नको. १९८४ साली कोहेनच्या रेकॉर्ड कंपनीने हे गाणं असलेला अल्बम अमेरिकेत काढायलाच नकार दिला. जॉन केल या गायकाने कडवी मागितली तर फॅक्समधून पंधरा पानं बाहेर पडली. त्याने त्यातली चावट तेवढी वेचली आणि १९९१ मध्ये गायला. पुढे जेफ बकली हा दुसरा गायक गायला, मग एका हिरव्या राक्षसाच्या कार्टूनपटात ते वाजलं, अर्थात चावट ओळी गाळून. २००८ च्या नाताळात ब्रिटनमध्ये हेच गाणं वेगवेगळ्या गळ्यांतून पहिल्या क्रमांकावर होतं, दुसऱ्याही होतं, आणि खुद्द कोहेन छत्तिसाव्या. पुढच्या वर्षी तो बिचारा म्हणाला, गाणं चांगलं आहे, पण फारच लोक गातात.

परवा एका रिसेप्शनला नवरानवरी स्टेजवर चढताना तेच लागलं होतं. नेमकं खुर्चीचं कडवं. शेजारच्या मावशींनी डोळे मिटून हात जोडले, आणि ते संपल्यावर मला म्हणाल्या, "किती शांत वाटतं ना? नाव लिहून दे हो, आमच्या भजनी मंडळात बसवायचंय."