शेजाऱ्याला शॉपमध्ये घ्यायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या लोकांनी एकमेकांच्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या जागी, जाऊन बसावं, नवं काही सुचलं तर तिथंच सुचेल, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे पगारी माणसाचं बोलणं झालं. शेजाऱ्याला आत घेतलं आणि त्यानं किलोमागं दोन रुपये कमी लावून तुमचं गिऱ्हाईक नेलं.

तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच झालं. माझ्या लेखात या धोक्यावर एक ओळही नव्हती, ही चूक मला मान्य आहे. दर उघडे करा असं मी म्हणणार नाही. ड्रॉइंग तर गिऱ्हाइकाचं असतं, ते दाखवायचा आपल्याला हक्कच नाही.

पण आपल्याकडं एक कास्टिंग, म्हणजे लोखंड ओतून केलेला नग, किती हातांतून जातं बघा. पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, एका शॉपमध्ये, ओतकाम फौंड्रीत, मशिनिंग तिसऱ्याकडं. हे तिघं एकमेकांचे स्पर्धक नाहीत, तरी त्यांचं बोलणं होतं ते माल पाठवायच्या चलनावर आणि रिजेक्ट मालाचे पैसे कापायच्या डेबिट नोटवर.

मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो तेव्हाची गोष्ट. पंपाच्या हाउसिंगला बोअर मारला, म्हणजे आतून गोल कोरलं, की आत नको असलेली भोकं दिसायची. आम्ही माल परत पाठवायचो. फौंड्रीवाले कधी साच्याच्या वाळूतला ओलावा बदलायचे, कधी ओतायचं तापमान. फरक पडेना. शेवटी एक नग मधोमध कापला आणि तिन्ही शॉपची माणसं त्याच्याभोवती उभी केली. पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी जाड बॉस (उठाव) आणि पातळ भिंत जुळते तिथं बोट ठेवलं. म्हणाले, "इथलं लोखंड सगळ्यात शेवटी थिजतंय, म्हणून भोक पडतंय. पॅटर्न करतानाच शंका आली होती, पण मला विचारलं कुणी?"

मग त्या जागी साच्यात चिल, म्हणजे लोखंड लवकर थिजवणारा धातूचा तुकडा, ठेवायचं ठरलं. गिऱ्हाइकाची परवानगी काढून कोपऱ्याची गोलाई वाढवली. तेवढ्यात मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, बोलला, चिल गंजकं किंवा ओलसर असलं तर तिथंच ब्लो होल, म्हणजे वायूनं पडणारं भोक, येणार, ते तापवून कोरडं करून बसवायला पाहिजे. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तो एरवी कुठल्या मीटिंगला नसतो. मालक-मॅनेजरनी खुर्च्या अडवून ठेवलेल्या असतात, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

आता स्पर्धकांचं. कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावानं ते संयुक्त आहे. सीमाप्रश्न आपल्या घराघरांत पोचलाय, तरी हे झालं. आठही जिल्ह्यांतले कारागीर बाजारात एकमेकांसमोर उभे राहतातच, आपापला दर लावतात. फक्त नाव राखायचं काम दोघांनी मिळून केलं. फौंड्रीवाल्यांनीही आधी काय सामाईक आणि काय आपापलं, ही रेघ मारून घ्यावी. वापरून झालेल्या वाळूचं काय करायचं हा प्रश्न तुमचाही आहे आणि त्या शेजाऱ्याचाही. त्यावर बोलताना कुणाचंही गिऱ्हाईक जात नाही.

त्या शेजाऱ्याला पुन्हा आत घ्या, असं मी सांगणार नाही. तुमच्याकडं मशीनवर वारंवार रिजेक्ट होणारा एखादा नग असेल तर कळवा, मी येतो. ड्रॉइंग कपाटातच राहू द्या. नग मात्र कापून ठेवा, आणि तुमच्या मोल्डरला व पॅटर्नवाल्या मिस्त्रींना त्या दिवशी थांबवून घ्या.